पाठीमागून रंगवलेली शेवंती

मिझुएच्या चिमट्यात आलेल्या कागदावर एक पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा.

देवळातलं हे शेवंतीचं चित्र दर शरदात कोनाड्यात टांगायचे आणि थंडी पडली की गुंडाळून ठेवायचे. दीडशे वर्षं गुंडाळून चित्राच्या रेशमाला आडव्या चिरा पडल्या होत्या. म्हणून ते ओलं करून टेबलावर पालथं घातलं होतं, आणि मिझुए व तिची फुसाए आत्या दोन बाजूंनी जुनं कागदी अस्तर सोलत होत्या.

“उंदरासारखी कुरतडू नकोस,” आत्या म्हणाली. “कागदाचा लांब धागा धर. कागद वाळला तर रेशीम ओढेल.”

अस्तर चिकटवायची खळ जुनी झाली की पिवळट दिसते. हा ठिपका दुधासारखा होता. शिंपल्यांच्या भुकटीचा रंग.

म्हणजे चित्रकाराने फुलं विरळ रेशमाच्या मागूनही रंगवली होती. अस्तराबरोबर तो रंग निघाला, तर पुढून शेवंती करडी दिसणार, आणि देवळाने नवा रंग लावायला साफ मनाई केली होती.

परवा दिव्यासमोर चित्र धरलं तेव्हाच तिला शंका आली होती. “रंग पुढूनच आहे,” आत्या म्हणाली होती, “चाळीस वर्षं हेच करतेय मी.” मिझुए पुढे बोलली नव्हती.

आत्याचा चिमटा आता मोठ्या फुलापासून दोन बोटांवर होता.

“आत्या, थांब.”

“बोल की. हात कशाला थांबवू?”

एक बोट.

मिझुएने वाकून तिचं मनगट धरलं. आत्याने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे.

“शंका कधी आली?”

“परवा.”

“आणि मूग गिळून बसलीस?”

“तू म्हणालीस, चाळीस वर्षं...”

“माझी चाळीस वर्षं घाल चुलीत! फूल गेलं असतं ना!” तिने चिमटा खाली ठेवला. “फुलं कुठवर आहेत ते तू नीट पाहिलंयस. तू सांगशील तिथेच हात लावते.”

मिझुएने तो तुकडा ठिपक्यासकट होता तिथे टेकवला आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारला.

“मोठ्या फुलाभोवती बोटभर सोड. तिथला कागद नुसता वरून पातळ करू.”

“आणि डावीकडची कळी?”

मिझुएला कळी आठवत होती, पण तिच्यामागे रंग होता का, हे काही केल्या आठवेना.

“नक्की माहीत नाही.”

“मग तिलाही हात नको,” आत्या म्हणाली आणि चिमटा उचलला.