शर्यतीसाठी न निवडलेला रॉड

मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे. मित्रांनो, मोटारीचं बॉनेट उघडलंत तरी मी तुम्हाला दिसणार नाही. मी राहतो इंजिनाच्या पोटात, तेलात आणि अंधारात. माझ्या वरच्या टोकाला पिस्टन, खालच्या टोकाला क्रँक, म्हणजे गोल फिरणारा दांडा. पिस्टनची वरखाली धावपळ क्रँकपर्यंत पोचवायची, म्हणजे चाकं फिरतात, एवढंच माझं काम.

आम्ही चार भाऊ साच्यात ओतून तयार झालो. सगळे ज्यांना बाबा म्हणत, अशा एका मेकॅनिकने आम्हाला आपल्या घरच्या गाडीत बसवलं. त्यांच्या दोन्ही मुली त्याच गाडीच्या मागच्या सीटवर भांडत, पेंगत लहानाच्या मोठ्या झाल्या. पुढे बाबांचे हात थरथरू लागले, तसं गॅरेज धाकटीने हाती घेतलं. थोरलीला वेगाचं वेड. डोंगरावरच्या शर्यतीत बाबांचीच गाडी पळवायची, असं तिने मनाशी पक्कं केलं.

धाकटीने इंजिन उघडलं. टर्बो बसणार होता, ताकद जवळजवळ दुप्पट होणार होती. तिने आम्हाला धुऊन पुसून तपासलं. एकही तडा निघाला नाही. मी मनातून सुखावलो.

"मग हेच राहू दे ना," थोरली म्हणाली. "बाबांनी बसवलेत. काढले तर त्यांना वाईट वाटेल."

"ताई, रोजच्या वापराला हे उत्तम आहेत. तुझ्या वेगाला नाहीत."

तिचं बरोबर होतं. पिस्टनचं ढकलणं मी सहज सोसतो. पण तो वर जाऊन झटक्यात मागे फिरतो, तेव्हा मला ताणतो. वेग वाढला की हा ताण फार वाढतो. अशात मी तुटलो, तर इंजिन फोडून बाहेर पडेन आणि थोरलीच्या जिवावर बेतेल.

थोरली ऐकेना. दोघी बहिणींनी अबोला धरला. शेवटी बाबाच आले. त्यांनी मला उचलून तळहातावर तोललं, अंगठ्याने पुसलं.

"गुणाचा आहे," ते म्हणाले. "पण पोरी, वाईट मला कशाचं वाटेल, ते तरी नीट ओळख."

थोरलीने मला त्यांच्या हातातून घेऊन शेल्फवर ठेवलं. मी जरा रुसलोच.

मग तिघं टेबलाशी बसले. ॲल्युमिनियमचे रॉड हलके, पण लवकर थकणारे, म्हणून बाजूला पडले. ठोकून घडवलेल्या पोलादाचे थोडे जड, पण लांब चढणीला टिकणारे, म्हणून तेच ठरले. "बोल्ट आधी बघ, तिथेच घात होतो," बाबा म्हणाले. धाकटीने चारही नवे रॉड वजनात एकसारखे करून बसवले.

शर्यतीत थोरलीचा पहिला नंबर आला नाही. पण ती डोंगरमाथ्यावरून हसत फोन करत होती आणि गॅरेजात बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. शेल्फवरून मी ते पाहिलं. माझा रुसवा तिथेच विरघळला.

हल्ली आम्ही चौघे भाऊ एका बेकरीवाल्याच्या गाडीत आहोत. धाकटीने नवे बोल्ट लावून आम्हाला तिथे बसवलं. सावकाश चाल आणि पहाटे गरम पावांचा वास. चैन आहे.

मित्रांनो, एकच मागणं आहे. तेल वेळेवर बदला आणि आतून ठकठक ऐकू आली, तर गाण्याचा आवाज वाढवू नका. गाडी थांबवा. आम्हाला हाक मारायला दुसरा आवाज नाही.