जनरल मेल्विन यांच्या दुर्बिणीने पाहिलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी दुर्बीण आहे. स्कॉटलंडमधल्या एका घरात, कपाटाच्या तळाशी पडून असते. माझा जन्म ग्लासगोच्या कारखान्यातला. पितळी अंग, वर काळं कातडं आणि नजर अशी की मैलावरच्या मेंढीची शिंगं दिसावीत!

१९१६ साली कॅप्टन अँगस मेल्विन मला गळ्यात अडकवून फ्रान्सच्या खंदकात उतरले. हल्ल्याच्या सकाळी त्यांनी माझ्यातून शत्रूचं काटेरी कुंपण पाहिलं. ते शाबूत होतं. त्यांनी लगेच फोन उचलला.

"साहेब, तारा तुटलेल्या नाहीत. माणसं अडकून मरतील."

"मेल्विन, पाय लटपटायला लागले की काय?" पलीकडून कर्नल प्रिंगल हसले. "निघा मुकाट्यानं!"

त्या तारांत त्रेसष्ट जण गेले. माझ्या मेल्विन साहेबांचा धाकटा भाऊ रॉरी तिथेच अडकून दुपारपर्यंत हाका मारत होता, मग हाका थांबल्या. आणि प्रिंगलांनी अहवालात लिहिलं, 'तारा तुटल्याची खबर मेल्विन यांनीच दिली.'

साहेबांनी तो राग राखेखालच्या निखाऱ्यासारखा जपला. बढत्या हुकल्या, तरी ते चिवटपणे चढत गेले. दुसऱ्या महायुद्धात मेजर जनरल झाले. माझी काच मात्र रोज स्वतःच पुसत.

फौज इटलीला निघण्याआधी म्हातारे प्रिंगल काठी टेकत कचेरीत आले.

"अँगस, माझा कॉलिन तुझ्या हाताखाली आहे. एकुलता एक आहे रे. त्याला कचेरीत घे."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आधी सोळा सालचं खरं लिहा."

प्रिंगलांनी सगळं लिहून सही केली. साहेबांनी कागद खिशात घातला.

"मग कॉलिनचं?"

"तो पहिल्या होडीत जाईल. का, पाय लटपटायला लागले की काय?"

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? तेव्हा मलाही आनंद झाला.

इटलीतल्या त्या नदीवर कॉलिन निधड्या छातीनं पहिल्या होडीत बसला. त्या पोराला काहीच ठाऊक नव्हतं. मध्यधारेत तोफेचा गोळा पडला. पाण्यातून एक हात दोनदा वर आला. साहेब माझ्यातून पाहत होते. माझ्यावरची त्यांची बोटं गार पडली.

"यानं माझं काय वाकडं केलं होतं?" ते पुटपुटले.

प्रिंगलांचा कबुलीचा कागद त्यांनी कुणालाच दाखवला नाही. त्या बापाला सांत्वनाचं पत्र लिहायला बसले, पण 'प्रिय'च्या पुढे लेखणी सरकेना. मला पेटीत घातलं ते कायमचं. आता माझ्या काचांवर बुरशी चढली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, मला कोरड्या जागी ठेवा. पण मला डोळ्यांना लावाल तेव्हा समोरच्या पोरात त्याचा बाप शोधू नका. त्या पोराचाच चेहरा नीट पाहा. तो जवळ आणून देणं, एवढंच मला येतं.