कानाने शिकणारा जावई

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं लोक म्हणतात. माझ्या वाट्याला ग्रह नाही, अख्खी साडेसाती आली. आणि ती साहेबांनी माझ्याच हाताखाली दिली, क्रेन शिकवायला.

आमचं गोदाम लोखंडी पत्र्यांचं. छताखाली रुळांवर क्रेन पळते, तिच्या पोटाला एक केबिन टांगलेली. त्या केबिनमध्ये माझी उभी हयात गेली. खाली एक माणूस हाताने खुणा करतो, वर मी दांडे हलवतो, की पत्र्यांचे गठ्ठे इकडचे तिकडे. यंदा मी निवृत्त होणार. माझी जागा जावयाला मिळणार होती, पण बाहेरून परीक्षक येणार, त्याच्यासमोर क्रेन चालवून सर्टिफिकेट मिळवलं तर. नापास झालो तर दूरच्या गावी माझ्या भावाच्या दुकानात जाऊन बसेन, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. म्हणजे माझी लेकही गेली त्याच्याबरोबर. तिची आई वारल्यापासून मला ती एकटीच. दोन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी डोकावून जाते. ती गेली असती तर मी भिंतींशी भांडत बसलो असतो. म्हणून त्या ठोंब्याला पास करणं मला भाग होतं. नाहीतर केबिनची शिडीसुद्धा चढू दिली नसती.

त्यात कंपनीने एक बाई आणल्या. प्रशिक्षणातल्या तज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, प्रत्येक माणूस आपापल्या पद्धतीने शिकतो, म्हणून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीनेच शिकवायचं. त्यांनी सगळ्यांना ओळीने बसवून विचारलं, नवा फोन घेतला की आधी काय करता? चित्रं बघतो म्हणणाऱ्याला पिवळा बिल्ला, तो डोळ्यांनी शिकणारा. कुणाला तरी विचारतो म्हणणाऱ्याला निळा, तो कानाने. बटणं दाबत सुटतो म्हणणाऱ्याला लाल, तो हाताने. मी म्हणालो, फोन लेकीच्या हातात देतो आणि तिच्यावर ओरडतो. बाईंनी बिल्ल्यांचा डबा चाळून बघितला आणि माझ्या पुढच्याकडे वळल्या.

जावयाला निळा बिल्ला मिळाला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला. छातीवर लावून मिरवायला लागला.

"मामा, दाखवत बसू नका. सांगा. मी कानवाला आहे," हे रोज सकाळी.

आता जावयाला अरे-तुरे करायची सोय नाही. "अहो, गाढवपणा करू नका" असं म्हणून कुणाचं रक्त उसळतं का? मी आदराने कोकलायचो आणि तो मान डोलवायचा.

सगळी गोम एकाच गोष्टीत होती. टांगलेला माल झुलायला लागला की नवखा माणूस घाबरून क्रेन उलट खेचतो. खेचली की झोका दुप्पट. खरं तर माल जिकडे जातोय तिकडेच त्याच्यामागे जायचं आणि तो टोकाला पोचला की बरोबर त्याच्या डोक्यावर यायचं. मग तो मुकाट थांबतो. हे मी त्याला घसा बसेपर्यंत सांगितलं. बाईंनी माझ्याकडून ते फोनमध्ये बोलूनही घेतलं. जावई माझा आवाज कानात घालून गोदामात येरझाऱ्या घालायचा, विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायचा. केबिनमध्ये बसला की दांडा उलटाच.

एके दुपारी त्याने झुलणारा गठ्ठा खांबावर आपटला. अख्खं गोदाम दणाणलं. लेक त्याचा डबा घेऊन दारात उभी होती, सगळी माणसं जमली होती. मी म्हणालो, "निळा बिल्ला बरोबर आहे. दोन कान आहेत आणि मध्ये काहीच नाही, या बाजूने बघितलं तर पलीकडचा उजेड दिसतो." माणसं पोट धरून हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी लेक आली ती तोंड फुगवून. "बाबा, त्यांना चारचौघांत असं बोलत जाऊ नका. किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"खरं बोललं की मिरच्या झोंबतात," मी म्हणालो.

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि ओट्याला धरून रडत उभी राहिली. मला बाहेरून दिसत होतं. मी ओरडलो, "नळ बंद कर, पाणी फुकट येत नाही."

परीक्षा तोंडावर आली. मी वर, जावई खाली खुणा करायला. मी आधीच चिडलेलो, दांडा जरा जोरात ओढला गेला आणि गठ्ठा झुलायला लागला. खालून आवाज आला, "मामा, मागे जा त्याच्या. अजून. अजून. आता थांबा." अगदी वेळेवर. गठ्ठा थांबला. मी वाकून बघितलं तर हा कमरेवर हात ठेवून उभा, चेहरा कसा उजळलेला. माझी चूक सापडली होती ना त्याला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे बेणं कानाने शिकत नाही, तोंडाने शिकतं. त्यातही माझी खोड काढताना. बाईंच्या डब्यात असला बिल्लाच नव्हता.

मग मी मुद्दाम चुकायला लागलो. मी, ज्याचा गठ्ठा कधी हलला नाही, तो वर बसून माल झुलवायचा आणि खालून जावयाची बोलणी खायचा. आधी "अहो मामा" होतं, मग नुसतं "अहो". मग "डोकं घरी ठेवून आलात काय?" हे माझंच वाक्य. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाला, "जाणाऱ्याला उलट खेचू नका, मामा. सवयच आहे तुमची." माणसं परत हसली, या वेळी मला. मी दातओठ खाल्ले आणि लेकीसाठी गिळलं. नंतर तो वर बसला की त्याचे ओठ हलताना खालून दिसायचे. मला शिव्या घालत असायचा. पण माल थांबायचा.

पास झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि निळ्या बिल्ल्याची कशी कमाल, ते साहेबांना समजावून सांगितलं. मला काय, लेक राहिली होती.

संध्याकाळी दोघं आली. लेक बसली नाही.

"बाबा, यांना बंदरावर जागा मिळाली. मोठ्या क्रेनवर. सर्टिफिकेटवाचून घेत नव्हते. रविवारी निघतोय."

"आणि माझी केबिन?"

"ती नको आम्हाला."

"दुकान टळावं म्हणून मी यांची बोलणी खाल्ली," मी ओरडलो. जावई दाराशी चपलांकडे बघत उभा होता.

"भावजींच्या दुकानात मी कधीच जाणार नव्हते," ती म्हणाली. "हे नापास झाले असते तर आम्ही इथेच राहिलो असतो. तुमचं ऐकून घेत."

आधी कळलं असतं तर दुसऱ्यांदा शिडी चढू दिली नसती त्याला. "मग एकदा तोंडाने सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगून झालं, बाबा. तुम्ही ऐकलं नाही. तुमच्यासमोर रडले, तुम्हाला नळ दिसला," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "आता करूनच दाखवते."