ट्रंक लाइनवरची वीणा

या माउली, सरका जरा पुढं. टाळ ठेवा मांडीवर. बुवा यायला अवकाश आहे, तोवर हरिबाची आणि एका शिट्टीची गोष्ट ऐका, जीव निवेल.

हरिबा कवठे महांकाळकडचा. मेंढरांमागं वाढलेला, पलटणीत बिनतारी खात्यात राहून आलेला. अठ्ठ्याहत्तर साली एका साखर कारखान्याच्या सांगलीतल्या कचेरीत त्याला टर्मिनलवर बसवलं. यंत्र टाइपरायटरसारखं, पण त्याचा कॉम्प्युटर पुण्याला. ट्रंक कॉल लावायचा, पलीकडून बारीक शिट्टी आली की रिसीव्हर मोडेमच्या रबरी कपांत पालथा घालायचा. मग इकडची माहिती त्या शिट्टीवरून पुण्याला जायची आणि ऊसतोडीच्या पाळ्या छापून यायच्या.

यायच्या कुठल्या! निम्मा कागद झाला की लाइन तुटायची.

हरिबाच्या जिवाला थारा नव्हता. गावाकडं विधवा बहिणीच्या, धोंडुबाईच्या, विहिरीवरल्या उसाला तुरा आलेला, तोड लांबली तर वजन घटणार. आजवर तोड मिळायची ती वजनदारांना. यंत्राला पाहुणेरावळे नसतात, म्हणून त्याची सारी भिस्त यंत्रावर. आणि मॅनेजर लालासाहेबांनी तर निर्वाणीचं सांगितलेलं, शुक्रवारी लाइन तुटली तर यंत्र परत, पाळ्या पुन्हा जुन्या रीतीनं.

त्यानं कपांना फ्लॅनेल गुंडाळलं, टेलिफोन बदलला, तारांची टोकं घासली. समोरचा चहा साय धरून बसायचा. शेवटी त्याच लाइनला दुसरा टेलिफोन जोडून त्यानं कान लावला. शिट्टीच्या तळाशी कुणी बाई विचारत होती, बोलताय का? पुन्हा विचारलं. मग खट्ट.

तसाच उठला. आपला कॉल कुठल्या गावच्या एक्स्चेंजमधून जातो ते विचारून घेतलं आणि साताऱ्याकडची एसटी धरली. कराडला बसायला जागा झाली तरी हा दांडी धरून उभाच.

एक्स्चेंजच्या बोर्डावर कॉल जोडायला लीलाबाई होती. गळ्यात तुळशीची माळ, कानाला हेडफोन, ओठांवर अभंग.

"आवं दादा, कुणी बोलंना, नुस्ती शिट्टी. म्हटलं लाइन मेली. एका म्हातारीला पलटणीतल्या पोराशी बोलायचं व्हतं, दिली तिला."

भांडायला आलेल्या हरिबाला आता राग कुठं ठेवावा कळेना. त्यानं सिग्नल, मोडेम असं कायबाय समजावून पाहिलं. बाई नुसती मान हलवी. तेवढ्यात त्याला भिंतीवर सप्ताहाचं पत्रक दिसलं.

"बाई, बुवा पाणी प्यायला थांबलं, तर इणेकरी इणा खाली ठिवतो का?"

"न्हाई बा. इणा हाय तवर कीर्तन हाय."

"ती शिट्टी आमची इणा. कुणी बोलंना तरी कीर्तन चालूच असतंय. मधी इचारू नगा."

लीलाबाईनं पिशवीतली जपमाळ काढून बोर्डावरच्या हरिबाच्या लाइनच्या वायरीला खुणेसाठी अडकवली. एवढंच म्हणाली, की शुक्रवारी तिची सुटी; देवळात काल्याचं कीर्तन, आणि बदलीची पोरगी नवी. वर्षभर ती त्या काल्याची वाट बघायची. तिला थांबा म्हणणं हरिबाला पटेना. आला तसा परतला, पण मन तिथंच घिरट्या घालत राहिलं.

शुक्रवार उजाडला. कॉल लागला, शिट्टी आली. कागद निम्म्यावर आला तसा हरिबा उठून उभा राहिला. निम्मा ओलांडला. यंत्र खडखडत राहिलं. धोंडुबाईचं नाव उमटलं आणि त्याच्या खाली, होय, खाली, एका संचालकाचं.

"बस की आता, गड्या," लालासाहेब हळूच म्हणाले.

त्यानं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"झालं का, दादा?" लीलाबाई विचारत होती. तिच्या मागं लांबवर मृदंग वाजत होता.

"बाई, तुमी? आनि काला?"

"तितं बुवा हाइत. हितं कोन व्हतं?"

तर माउली, आज काल्याचा प्रसाद हातावर पडेल, तेव्हा तोंडात घालण्याआधी तेवढी लीलाबाईची आठवण करा.