उकडलेले हातमोजे

माझी भाची व्हीलचेअरच्या शर्यती खेळायची. निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती परीक्षा देऊन थेट दवाखान्यात, पायऱ्यांशेजारी उतार बांधा म्हणून भांडायला गेली. पोरीला तेवढीच मदत म्हणून मी तिचे मळलेले, कडक हातमोजे उकळत्या पाण्यात टाकले. चाकं ढकलायला तिच्या मुठीच्या मापाने घडवलेले ते प्लास्टिकचे मोजे उष्णतेने पार वाकडे झाले.

"मावशी, मोजे होते गं ते, बटाटे नव्हेत!" ती हसली, पण डोळे भरले होते.

जुन्या, सैल मोज्यांनी ती चौथी आली. निवड तिघींचीच होती. प्रशिक्षक ओरडले तेव्हा म्हणाली, "सर, मीच धुतले."

मी शेजारीच उभी होते. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ते आजही सलतं.