एका लिटरमधलं दहा टन आम्ल

नवे मॅनेजर आले आणि पहिल्याच दिवशी वजाच्या चिन्हाने त्यांना घाम फोडला. आमचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना. प्रयोगशाळेत मी एकटी. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, सात. म्हणजे लिटरमागे आम्ल दहाचा वजा सातवा घात इतके ग्रॅम, त्याचा लॉगरिदम वजा सात, आणि त्याला सूत्रातला वजा लावला की सात. हे मी फळ्यावर मांडत होते तोवर साहेबांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या कंपनीत वजा? लोक काय म्हणतील? त्यांनी सगळे वजा पुसून टाकले. उत्तर तरीही सातच आलं, आणि वर मलाच विचारलं की इतकी वर्षं काय करत होतात.

मी पुष्कळ डोकं फोडलं. घातातला वजा पुसला तर लिटरभर पाण्यात आम्ल होतं एक कोटी ग्रॅम, म्हणजे दहा टन. साहेब म्हणाले, मग भरपूर आहे की.

माल पाठवायच्या कागदावर तेच वजन चढलं. माझा नवरा तिथेच ट्रकवर ड्रायव्हर. कागदावर दहा टन, म्हणून एक बाटली घेऊन तो अख्खा ट्रक काढून निघाला आणि फाटकावरच्या वजनकाट्याशी अडकला. बाकीचा माल कुठे विकलास म्हणत वॉचमनकाकांनी त्याला केबिनमध्ये कोंडलं आणि पोलिसांची भाषा सुरू केली.

मी साहेबांकडे धावले, तर ते वजा परत लावणाऱ्याला घरी बसवीन म्हणाले. गेली खड्ड्यात नोकरी. मी कागदावर ठसठशीत वजा मारला, सही ठोकली आणि काकांना समजावलं, की आम्ल फक्त एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग आहे.

काकांनी चष्मा पुसून कागद वाचला, काट्याकडे पाहिलं.

"माझ्या काट्यावर तेवढंही दिसत नाही, ताई. तेवढं भरून द्या आणि घेऊन जा त्यांना."

मी नळाखाली एक रिकामी बाटली धरली. लिटरभर साध्या पाण्यात आम्ल साधारण तेवढंच असतं. काकांचं समाधान झालं. त्यांनी कुलूप काढलं, बाटली टेबलावर ठेवली आणि पोच लिहायला बसले. नवरा सकाळपासून कोंडलेला, घशाला कोरड पडलेली. मी नको म्हणेपर्यंत त्याने बाटली उचलून घटाघटा रिकामी केली.

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"आता तर मी डोळ्यांनी पाहिलं," ते म्हणाले आणि त्यांनी त्याला परत आत घातलं.