नाईकाचं पोट अन् बिजलीचा गोळ

फुलचंद नाईकाचं पोट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कापलं आणि त्यातला मोठा हिस्सा डॉक्टरानं तिथंच ठेवून घेतला, ही बातमी नाईक घरी यायच्या आधीच घाटंजीपासून पांढरकवड्यापर्यंतच्या बंजाऱ्यांच्या सगळ्या तांड्यांत पोचली होती. कोणी म्हणे, बरणीत घालून ठेवलं आहे. कोणी म्हणे, बोकडाचं पोट बसवून दिलं. खरं एवढंच, की पोटात वर्षानुवर्षं जळत होतं, भगतानं त्यावर कोंबडे खाल्ले, वैद्यानं भस्म चाटवलं, आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली तेव्हा कुठं शहाणपण सुचलं.

आधीचा फुलचंद ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून पटायचा नाही. बाजेवर बसला की बाजेची दोरी जमिनीला टेके. बैलगाडीत मागं बसला की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जाई. पंगतीत वाढणारा बोकडाचं भगोणं घेऊन त्याच्यासमोरच थांबायचा, पुढं सरकण्यात अर्थ नसायचा. आणि तांडा आपल्या मुखियाच्या या पोटावर जीव टाकायचा. "आमचा नाईक पाहा!" म्हणायचा. ज्या तांड्यातल्या लेकरांच्या बरगड्या लांबून दिसतात, तिथं एकट्याचंच पोट पुढं आलेलं पाहून लोकांना राग यायला पाहिजे. पण उपाशी माणसाला दुसऱ्याच्या ढेकराचाही अभिमान वाटतो. गुलामीची खोड आहे ही, दुसरं काही नाही.

डॉक्टरानं निघताना सांगितलं होतं, "पोट होतं रांजण, आता राहिली वाटी. वाटीत घागर ओतू नको. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खा. चावून चावून. जेवताना पाणी नाही. गुळाला, साखरेला शिवायचं नाही. आणि चालायचं. रोज चालायचं."

फुलचंदनं हे ऐकलं आणि विसरला. हंसाबाई, त्याची बायको, हिनं ऐकलं आणि पदराला गाठ मारली.

मग घरात तिचं राज्य सुरू झालं. सकाळी ज्वारीची आंबील, तीही पातळ. मग मऊ भात, मुगाचं वरण. मग उकडलेलं अंडं. मग ताक. प्रत्येक वेळी एक वाटी. फुलचंद वाटीकडं बघायचा आणि त्याला रडू फुटायचं.

"अगं, एवढं तं मी आधी दाढेत अडकून टाकत होतो!"

"आता तेवढ्यातच जेवा. अन् चावा. नाईक, चावा म्हनलं! गिळून कायले राह्यले?"

"चावाले काय हाय याच्यात? आंबील हाय ते!"

"तरी चावा."

एकदा त्यानं ऐकलं नाही. घाटंजीच्या बाजारात हलवायाच्या कढईसमोर उभा राहिला आणि गरम जिलेबी पानावर घेऊन उभ्या उभ्या हाणली. जरा वेळानं छातीत घोडा उधळला. अंगातून घामाच्या धारा, हातपाय लटलट, डोळ्यांपुढं काजवे. बैलबाजारातल्या लिंबाखाली तो आडवा पडला आणि मनात म्हणाला, आता मेलो. मेला नाही. तासाभरानं उठला, पण त्या दिवसापासून गोड दिसलं की त्याच्या पोटाच्या आधी गुडघ्यांना समजायचं.

चालण्याची गंमत वेगळीच. तांड्यात काम असेल तर माणूस चालतो, काम नसेल तर बसतो. बिनकामाचं चालणं कोणी पाहिलंच नव्हतं.

"नाईक, कुठं जाऊन राह्यले?"

"कुठंच नाई. टेकडीवर जातो अन् येतो."

"काय सांडलं का तिथं?"

"नाई बापा. चालाले सांगतलं डॉक्टरनं."

"मंग रिकामे कायले जाता? येताना चुलीले काड्या तेवढ्या आना."

हळूहळू सगळ्या बायांनी त्याला कामाला लावलं. कोणाच्या काड्या, कोणाची शेळी, कोणाचा घाटंजीहून मिठाचा पुडा. ज्यांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख तुडवला, त्यांच्या नाईकाच्या पाठीवर आता मीठ आलं. आधी टेकडीच्या पायथ्याशीच त्याला धाप लागायची. मग अर्ध्यावर लागायला लागली. मग एक दिवस तो वर पोचला आणि धाप लागायची राहूनच गेली, हे खाली आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

अंग असं झडलं, की कमरेचा चांदीचा करगोटा चालता चालता घसरून गुडघ्यावर आला. बंडीत दुसरा माणूस मावेल एवढी जागा झाली. तेव्हा बाजारात शेर-मण जाऊन किलोची नवी मापं आली होती. कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर फुलचंद उभा राहिला, तर काटेवाला म्हणाला, "नाईक, सरकारनं मापं बदलली म्हून तुमी बी बदलले का?"

फुलचंद हसला. त्याला बरं वाटत होतं. पोटातली आग विझली होती, रात्री झोप लागत होती, उकिडवं बसता येत होतं. पण तांडा हसत नव्हता. तांड्याला नाईक चोरीला गेल्यासारखं झालं होतं.

आणि याच दिवसांत बिजलीची सोयरिक निघाली.

बिजली फुलचंदची एकुलती एक पोरगी. पुसदकडच्या तांड्याचा नेमसिंग नाईक, त्याचा पोरगा पूनमसिंग. पोरगा शाळेत मास्तर होता. जत्रेत त्यानं बिजलीला विचारलं होतं, "तुले लिवता येते का?" ती म्हणाली, "नाई." तो म्हणाला, "मी शिकवीन." एवढंच बोलणं. पण पोरीनं आईला सांगून टाकलं, "याडी, तिथंच करा. नाई तं मी अशीच बरी." याडी म्हणजे आई. आणि हंसाबाईला ठाऊक होतं, ही पोरगी बोलते तेच करते.

मुलुखातली रीत अशी, की दोन्हीकडचे लोक पंचांसमोर बसायचे, आणि वरबापानं दिलेला गुळाचा खडा पोरीच्या बापानं खायचा. बंजारे गुळाला गोळ म्हणतात, आणि सोयरिक पक्की करण्यालाच 'गोळ खाणं' म्हणतात. गोळ खाल्ला की जबान झाली, नगारा वाजला. नाही खाल्ला तर काहीच झालं नाही.

आता आली का पंचाईत? आली. पण तिच्याआधी दुसरी आली.

तांड्याचा कारभारी भावसिंग. नाईकाच्या खालोखाल त्याचा मान, आणि नाईक वाळतो आहे हे बघून त्याचा जीव नाईकीच्या आशेनं हिरवा व्हायला लागला होता. तो पुसदच्या बाजारात गेला आणि नेमसिंगच्या माणसांना म्हणाला, "आमचा नाईक दिवसातून सहा खेपा खाते. सहा! तरी वाळूनच राह्यला. आमी काही म्हनत नाई बापा. तुमीच समजा."

डॉक्टरानं सांगितलेलं औषध होतं ते. पण ज्या मुलुखात माणसाला दोन वेळा जेवण मिळालं तर दिवस चांगला गेला म्हणतात, तिथं सहा वेळा खाऊन वाळणाऱ्याला लोक काय म्हणतील? क्षय. दुसरं काय! नाहीतर अंगात काहीतरी शिरलं आहे आणि तेच खाऊन जातं. आणि क्षयाच्या घरची पोरगी कोणी करत नाही.

नेमसिंग आला तो अर्धं मन मागं ठेवूनच आला. सोबत पूनमसिंग, चार पाहुणे, रुमालात बांधलेला गोळ. नेमसिंग म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा फुलचंदच. गाडीतून उतरला तेव्हा गाडी हलकी होऊन नाचली. समोर दावणीला बैल बांधणाऱ्या सडपातळ माणसाला तो म्हणाला, "ए भाऊ, जा, नाईकाले सांग, पाहुने आले."

"राम राम समधी," तो माणूस म्हणाला. "मीच नाईक."

नेमसिंगनं त्याला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं आणि सोबतच्या माणसाच्या कानाला लागला. काय बोलला ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

पंच निंबाखाली बसले. बाया दारांत उभ्या राहिल्या. नेमसिंगनं रुमाल सोडला, मुठीएवढा गोळ हातात घेतला आणि आडून बोलायच्या ऐवजी सरळच बोलला. त्याच्याबद्दल एवढं चांगलं सांगायलाच पाहिजे.

"समधी, राग नका येऊ देऊ. तुमचाच कारभारी म्हनते, तुमी सहा खेपा खाता अन् वाळता. लोक म्हनतात, तुमाले क्षय हाय. नसन तं हा गोळ खा. पुरा खा. चांगल्या पोटाले गोळ पचते."

फुलचंदनं गोळाकडं पाहिलं आणि त्याच्या गुडघ्यांना कळलं. खाल्ला, तर इथंच, पंचांसमोर, घाम फुटेल, हात लटलटतील, डोळे फिरतील. लोक म्हणतील, पाहा क्षय. नाही खाल्ला, तर सोयरिक नाही. दारात बिजली उभी होती. तिनं ओठ दाताखाली धरला होता.

"खाऊ नका," हंसाबाई आतून म्हणाली.

"बायांनी बोलू नाई," भावसिंग म्हणाला.

फुलचंद उठला. बंडीचे बंद सोडले आणि पोट उघडं केलं. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत जखमेचा वण गेला होता, गोधडीच्या टाक्यासारखा.

"पाहा. हा क्षय नाई, ही सुरी हाय. आत भाकरी मावाची जागा राह्यली नाई म्हून मी थोडं थोडं खातो. सहा खेपा खातो, पन सहा वाट्या खातो. भावसिंगनं खेपा मोजल्या, वाट्या नाई मोजल्या."

पंचांत कोणीतरी फिसकन हसलं.

"वण तं कशाचा बी असते," नेमसिंग म्हणाला, पण आवाज मऊ झाला होता.

"मंग असं करा. क्षयाचा मानूस टेकडी चढते का?"

"कसा चढन? रक्त ओकन."

"चला तं माह्यासंगं. वर जाऊ अन् येऊ. मी रस्त्यात एकदा बी खोकललो तं सोयरिक नाई. उठा."

नाईकानं नाईकाला उठ म्हटलं, आता बसून कसं चालेल? नेमसिंग उठला. सगळा तांडा, पाहुणे, पोरं, दोन कुत्री, असा लोंढा मागं निघाला. पहिल्या चढावर नेमसिंग पुढं होता. दुसऱ्या चढावर बरोबरीनं होता. तिसऱ्या चढावर तो एका धोंड्यावर बसला आणि भात्यासारखा आवाज काढायला लागला.

"समधी," फुलचंद वरून म्हणाला, "खोकू का तुमच्यासाठी?"

"थट्टा... करू... नका."

"हात द्या."

फुलचंदनं त्याला ओढत ओढत वर नेलं. वर गेल्यावर नेमसिंग पालथ्या हातानं घाम पुसत हळूच म्हणाला, "समधी, माह्या बी पोटात जळते. जेवल्यावर लय जळते. कोनाले सांगू नका."

"भगताले कोंबडे खाऊ घालता का?"

"दोन झाले."

"तिसरा तुमीच खा. नाई तं नको, तुमी बी नका खाऊ. नागपूरले चला माह्यासंगं."

खाली आल्यावर नेमसिंगनं पंचांना सांगून टाकलं, "क्षय नाई. या मानसाले क्षय असन तं आपन सारे मेलेले हावो."

पूनमसिंगनं श्वास सोडला. दारातल्या बिजलीनं ओठ सोडला. पण भावसिंग कारभारी काही सोडत नव्हता.

"हे सारं ठीक. पन गोळ? बापानं गोळ खाल्ला नाई तं सोयरिक कशाची? रीत हाय. आज एकानं मोडली का उद्या सारे मोडतीन."

खरं होतं ते. रीत अशी चीज आहे, की तिला मेलेला माणूस दिसतो, जिवंत दिसत नाही. फुलचंदनं हात पुढं केला. मनात म्हणाला, पडलो तर पडलो, पोरगी तर तिच्या घरी जाईल. गोळ त्याच्या ओठाजवळ आला होता, तेवढ्यात मध्ये बांगड्यांनी भरलेला हात आला आणि गोळ घेऊन गेला.

हंसाबाई पंचांच्या मध्ये उभी होती. त्या जागी कोणी बाई कधी उभी राहिली नव्हती.

"हा गोळ मी खातो," ती म्हणाली. बाया तिकडं 'मी जातो, मी खातो' असंच बोलतात.

"तू?" भावसिंग ओरडला. "बाईनं गोळ खाल्ल्यानं सोयरिक होत असते का कुठं?"

"कारभारी, मघापासून तुमी पोट-पोट करून राह्यले. नाईकाचं पोट मोठं, नाईकाचं पोट लहान, नाईकाच्या पोटात काय पचते. मले एक सांगा. बिजली कोनाच्या पोटातून आली? नाईकाच्या?"

दारातली एक म्हातारी खो खो हसली, तिच्या मागून दुसरी, आणि बायांचा हसण्याचा असा गलका उठला, की पंचांना माना खाली घालाव्या लागल्या. नेमसिंगची ढेरी गदगद हलत होती.

"समधन बराबर बोलून राह्यली," तो म्हणाला. "पोटाचीच गोष्ट असन, तं हेच पोट खरं. खा बाई. माह्याकडून जबान पक्की."

भावसिंगनं पंचांकडं पाहिलं. पंच जमिनीकडं पाहत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

हंसाबाईनं गोळ तोंडात टाकला. खडा मोठा होता. गाल फुगला, डोळ्यांत पाणी आलं. थुंकता येईना, गिळता येईना. नगारेवाल्यानं टिपरू वर उचललं होतं, पण घास उतरल्याशिवाय वाजवायचं कसं? सगळा तांडा तिच्या गळ्याकडं बघत उभा राहिला. बिजली हसत होती आणि रडत होती.

"चाव," फुलचंद तिच्या कानाशी म्हणाला. "हंसा, चाव म्हनलं! गिळून कायले राह्यली?"

तिनं भरल्या तोंडानंच त्याला कोपर मारलं.